देह परत मिळविण्याचा हक्क

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची फिर्याद दाखल झाली. आरोपी पोलिसच होते. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरले आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा मोकळे केले. या शेवटच्या निकालातील युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. मुलीच्या अंगावर जखमेची खूण आढळली नव्हती. आपण ओरडलो, हे तिचे सांगणे न्यायालयाला बनावट वाटले. ज्या अर्थी झटापटीची निशाणी नाही, त्या अर्थी प्रतिकार नव्हता. आणि प्रतिकार नव्हता त्या अर्थी जे घडले त्याला तिची संमती होती, असा निष्कर्ष देशातील सर्वोच्च पीठावरून काढला गेला.

या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर हे ते चौघे. शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या पत्राचे सार होते. पत्रापाठोपाठ स्त्रियांची चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तरीही, केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून स्त्रीची संमती गृहीत धरता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत कायद्याच्या पुस्तकात यावयास २०१३ साल उजाडावे लागले. आज ते शब्द भारतीय न्याय संहितेतही आहेत.

म्हणजे न हललेल्या देहाचा अर्थ काय, एवढा एक प्रश्न समजून घ्यावयास आपल्या न्यायव्यवस्थेला एकेचाळीस वर्षे लागली. त्या प्रश्नाला लागूनच दुसरा एक प्रश्न आहे आणि त्याकडे आपण अजून वळलेलोही नाही. भीतीने थिजलेला तो देह पुढे पुन्हा हलू लागतो कसा? त्याला हलते करण्यासाठी समाजाने काही करावयाचे असते की नाही? या प्रश्नाच्या एका उत्तराचा विचार येथे करावयाचा आहे. ते उत्तर आहे नृत्य आणि हालचाल यांच्याद्वारे केला जाणारा मानसोपचार. नृत्य हा शब्द अशा संदर्भात ऐकताच पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल, याची कल्पना आहे. ती आठी हाही या लेखाच्या विषयाचाच एक भाग आहे.

थिजणे ही निवड नसते

संकट कोसळले की माणूस एक तर लढतो, नाही तर पळतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु लढणे व्यर्थ आहे आणि पळण्यास वाट नाही, असे ज्या क्षणी शरीराला जाणवते त्या क्षणी तिसरीच एक गोष्ट घडू शकते. हातपाय जड होतात, घशातून आवाज फुटत नाही, शुद्ध असूनही हलता येत नाही. शिकारी प्राण्याच्या तावडीत सापडलेले सावज निपचित पडते, त्याच जातीची ही प्रतिक्रिया आहे. इच्छाशक्तीशी तिचा संबंध नसतो, आणि शीलाशी तर नसतोच नसतो.

स्टॉकहोममधील एका तातडीच्या उपचारकेंद्रात बलात्कारानंतर महिनाभराच्या आत आलेल्या २९८ स्त्रियांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी आपले शरीर लक्षणीय प्रमाणात थिजल्याचे सांगितले. सुमारे ४८ टक्के स्त्रियांच्या बाबतीत ही अवस्था अत्यंत तीव्र होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ज्यांचे शरीर असे थिजले होते त्यांना सहा महिन्यांनंतर आघातोत्तर मनोविकार आणि तीव्र नैराश्य जडण्याचा धोका अधिक असल्याचे आढळले. ज्या लक्षणाला आपल्या न्यायालयाने एके काळी संमती म्हटले, ते वस्तुतः सर्वांत खोल जखमेचे लक्षण होते.

ही जखम पुढे शरीरातच मुक्काम करते. झोप लागत नाही. मागून कोणी हाक मारली तरी छातीत धडकी भरते. श्वास वरच्यावर राहतो. खांदे आत वळतात, मान खाली जाते, चालताना पावले भिंतीच्या कडेने पडतात. पोटदुखीचे कारण डॉक्टरांना सापडत नाही. दंतवैद्याच्या खुर्चीत आडवे होणेही असह्य वाटते. काहींना आपलेच शरीर परके आणि घाणेरडे वाटते. काहींना ते मुळी जाणवतच नाही, जणू मानेखाली काही नाहीच. अत्याचार करणारा जर घरातला, शेजारचा किंवा विश्वासातला असेल, तर हे सारे सोसताना तोंड मिटून राहण्याचीही सक्ती असते. आणि बहुतेक वेळा तो तसाच असतो. देशात २०२२ या एका वर्षात बलात्काराचे ३१ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. अशा गुन्ह्यांपैकी दहांतील नऊंहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, असे सरकारी नोंदीच वर्षानुवर्षे सांगत आहेत.

केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ बालकांशी बोलण्यात आले. त्यांपैकी ५३ टक्क्यांहून अधिक बालकांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. मुलाने रडू नये, मुलाने घाबरू नये, अशा शिकवणुकीत वाढलेल्या या मुलग्यांच्या थिजलेपणाला तर आपल्या भाषेत नावही नाही.

पुराव्याचा ऐवज

गुन्हा घडल्यानंतर या देहाचे काय होते? तो हातोहाती फिरतो. पोलिस त्याचा पंचनामा करतात, डॉक्टर त्याचे नमुने घेतात, वकील त्याविषयी उलटतपासणी करतात, न्यायाधीश त्याविषयी निर्णय देतात. पीडितेच्या कौमार्याचा शोध घेणारी दोन बोटांची चाचणी अवैज्ञानिक व अपमानास्पद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले. दुसऱ्यांदा सांगावे लागले यातच आपल्या रुग्णालयांची कथा आली. तपास आवश्यक आहे, पुरावाही आवश्यक आहे. परंतु या साऱ्या प्रवासात त्या देहाची जी मालकीण आहे, तिला तो परत केव्हा दिला जातो, याची नोंद कोणत्याही कागदावर नसते.

समाजाच्या क्षोभाचेही तसेच आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत बालवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा हजारो माणसे रेल्वेच्या रुळांवर उतरली. तो संताप खरा होता आणि त्यास सबळ कारणही होते. पुढच्याच महिन्यात आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि सारी चर्चा त्या गोळीभोवती फिरू लागली. आरोपीचे काय करावे यावर महाराष्ट्रात प्रत्येकाला मत होते. अशा कोवळ्या मुलींना पुन्हा निर्धास्तपणे धावता यावे म्हणून काय करावे, यावर कोणी मोर्चा काढला नाही. शिक्षेची मागणी करताना जो समाज गर्जतो, तो शुश्रूषेचा विषय निघताच घरी परततो, हा आपला जुना शिरस्ता आहे.

महाराष्ट्र सरकारने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना आणली, हे या दृष्टीने मोठे पाऊल होते. योजनेचे नावच मुळी मनाचा विचार करणारे आहे आणि अर्थसाह्याबरोबर समुपदेशनाची तरतूदही तिच्या उद्दिष्टांत आहे. पुढे २०१५ पासून केंद्राच्या ‘सखी’ केंद्रांची भर पडली. तथापि आपल्याकडे समुपदेशन म्हणजे टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या आणि मध्ये एक प्रश्न: काय झाले ते सांगा. पोलिसांनी विचारलेला, डॉक्टरांनी विचारलेला, वकिलाने विचारलेला तोच प्रश्न येथे चौथ्यांदा येतो. ज्या गोष्टीला शब्द सापडत नाहीत, किंवा जी शब्दांत आणताच पुन्हा अंगावर येते, तिच्यापर्यंत जाण्याचा दुसरा रस्ता असू शकतो, याचा विचार या मांडणीत नसतो.

उपचाराचे स्वरूप

हा दुसरा रस्ता काही काल-परवा सापडलेला नाही. अमेरिकेत मॅरियन चेस या नर्तिकेने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात रुग्णांबरोबर काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले, मनाने मोडलेले सैनिक तेथे येत होते. त्यांच्यापैकी अनेक जण बोलत नसत. चेसबाई त्यांना नाच शिकवीत नसत. त्या रुग्णांना वर्तुळात उभे करीत, एखाद्याचा हात जेवढा हलेल तेवढीच हालचाल आपल्या अंगाने करून दाखवीत आणि त्यातून ‘तुझे मला समजले’ असा निरोप त्याला पोचवीत. त्या निरोपातून संवाद सुरू होई. त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९६६ मध्ये अमेरिकेतील नृत्योपचारकांची संघटना स्थापन झाली आणि हे काम एक व्यवसाय म्हणून ओळखले जाऊ लागले.

आपल्या देशात या कामाचे सर्वांत ठळक उदाहरण कोलकात्याचे आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासक आणि नर्तिका सोहिनी चक्रवर्ती यांनी १९९० नंतरच्या दशकात, वेश्याव्यवसायासाठी विकल्या गेलेल्या आणि तेथून सोडविलेल्या मुलींच्या आश्रयगृहात काम सुरू केले. २००४ मध्ये ‘कोलकाता संवेद’ ही संस्था उभी राहिली. या मुलींचा देह बाजारात मांडला गेला होता; सुटकेनंतर तो समाजाच्या लेखी कलंकित ठरला होता. त्यांना सभ्य वर्तनाचे धडे देण्याऐवजी, हे शरीर तुझे आहे आणि त्याने काय करावे हे तू ठरवावयाचे आहेस, या सूत्रापासून संस्थेने आरंभ केला. तेथे उपचार घेतलेल्या मुलींपैकी काही जणी पुढे स्वतः प्रशिक्षित होऊन इतरांना शिकवू लागल्या. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याच संस्थेच्या सहकार्याने या विषयाचा पदविका अभ्यासक्रम चालविला. तेव्हा महाराष्ट्राला हा विषय अगदीच परका आहे, असे म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात या वर्गात काय चालते? बाहेरून पाहणाऱ्याला कदाचित काहीच चालले आहे असे वाटणार नाही. सात-आठ जणी अनवाणी पायांनी वर्तुळात उभ्या असतात. पायाखालची जमीन जाणवते का, एवढेच आधी विचारले जाते. मग श्वास. मग चालणे: आपल्याला हव्या त्या गतीने, हव्या त्या दिशेने, हवे तेव्हा थांबून. दोघी समोरासमोर येतात. एक हळूहळू जवळ येते आणि दुसरी हात उंचावून ‘थांब’ अशी खूण करते. पहिली थांबते. आपण ‘थांब’ म्हटले आणि समोरचे माणूस थांबले, हा अनुभव कित्येकींना आयुष्यात प्रथम तेथे मिळतो. कधी भिंत दोन्ही हातांनी ढकलावयाची असते, कधी ओढणीची दोन टोके धरून ओढाताण करावयाची असते, कधी ढोलकीच्या ठेक्यावर पाय आपटावयाचे असतात. घडलेला प्रसंग सांगण्याची सक्ती नसते. कोणी कोणाला विचारल्याशिवाय हात लावीत नाही. डोळे मिटण्याचा आग्रह नसतो, कारण डोळे मिटताच काहींच्या पुढे तीच खोली उभी राहते. दार कोठे आहे हे सर्वांना दिसत असते आणि त्यातून बाहेर जाण्याची मुभा असते.

या नियमांतच उपचाराचे मर्म आहे. अत्याचाराने जे हिरावून घेतले ते स्वातंत्र्य होते: हलण्याचे, थांबण्याचे, नाही म्हणण्याचे, निघून जाण्याचे. ही स्वातंत्र्ये व्याख्यान देऊन परत करता येत नाहीत. ती शरीराने थोडी थोडी करून, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा अनुभवावी लागतात. नृत्य हे येथे निमित्त आहे. ताल असल्यामुळे भीती थोडी आवरते, सोबतीमुळे लाज थोडी ओसरते, आणि सौंदर्याची मागणी नसल्यामुळे चुकण्याची धास्ती राहत नाही.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप मर्यादेचा. ज्या मुलीवर असा प्रसंग ओढवला, तिला नाचावयास सांगणे क्रूरपणाचे नाही काय? हा प्रश्न सद्भावनेने विचारला जातो, परंतु त्यामागे नृत्याविषयीचा आपला जुना दुटप्पीपणा दडला आहे. स्त्री नाचते ती कोणासाठी तरी, कोणाच्या तरी नजरेसाठी, असे आपण धरून चालतो. डान्सबारमधील नृत्यावर २००५ मध्ये बंदी घालणाऱ्या आणि ती बंदी न्यायालयांत टिकली नाही तरी वेगवेगळ्या वाटांनी तिचा पाठपुरावा करणाऱ्या राज्याच्या मनात हेच गृहीतक होते. पण याच महाराष्ट्रात मंगळागौरीच्या रात्री बायका झिम्मा खेळल्या, फुगड्या घातल्या, त्या कोणासाठी? सासुरवाशिणीला वर्षभर पदर सावरून, आवाज दाबून, अंग चोरून वावरावे लागे. तिला एक रात्र तरी मोकळेपणी घुमता यावे, अशी सोय त्या खेळांत होती. फुगडी म्हणजे मानसोपचार, असा भलता दावा येथे करावयाचा नाही. ज्या घरात अत्याचार झाला त्याच घरात मंगळागौरही जागविली गेली असेल. सांगावयाचे एवढेच, की बघ्यांवाचूनही स्त्रीचे अंग आनंदाने हलू शकते, ही गोष्ट आपल्या संस्कृतीला ठाऊक होती. अत्याचारग्रस्त स्त्रीने मान खाली घालून, अंग आक्रसून जन्म काढावा यात मर्यादा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती मर्यादा कोणाच्या सोयीची आहे हे स्वतःस विचारावे.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे आणि तो पहिल्यापेक्षा अधिक आदराने ऐकला पाहिजे. या उपचाराचा गुण सिद्ध झाला आहे काय? पूर्णपणे झालेला नाही. नैराश्यावरील नृत्योपचाराचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे अवघे तीन प्रयोग व १४७ रुग्ण सापडले; त्यांवरून ठाम निष्कर्ष काढता येत नाही, असा निर्वाळा दिला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर विकारासाठी ज्या उपचारांची शिफारस केली त्यांत आघातकेंद्री मानसोपचार आहेत, नृत्य नाही. दुसऱ्या बाजूने, शरीराच्या वाटेने जाणाऱ्या उपचारांना आधार नाही असेही नाही. अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, इतर उपचारांनी बऱ्या न झालेल्या ६४ स्त्रियांवर केलेला योगाचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या गटातील ५२ टक्के स्त्रिया विकाराच्या व्याख्येतून बाहेर आल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होते. योग म्हणजे नृत्य नव्हे आणि ६४ म्हणजे लाखो नव्हेत. म्हणून नृत्योपचाराला औषधाचा अथवा प्रस्थापित मानसोपचाराचा पर्याय म्हणून पुढे करणे चुकीचे ठरेल. तो जोडीला घ्यावयाचा उपचार आहे आणि त्याचे मोजमाप काटेकोरपणे होत राहिले पाहिजे. पुरावा अपुरा आहे याचा अर्थ अभ्यास करावा असा होतो, दार बंद करावे असा होत नाही.

तिसरा आक्षेप खरे तर धोक्याचा इशारा आहे. आपल्याकडे कोणत्याही चांगल्या गोष्टीचे स्नेहसंमेलन व्हावयास वेळ लागत नाही. आश्रयगृहात नृत्याचा वर्ग सुरू झाला की वर्षअखेरीस मंत्रिमहोदयांपुढे मुलींचा कार्यक्रम बसवावा, छायाचित्रे काढावीत, देणगीदारांना बोलवावे, असा मोह संस्थाचालकांना होतोच. ज्या मुलींचा देह आधीच दुसऱ्यांच्या नजरेखाली भरडला गेला, त्यांना पुन्हा नजरेपुढे उभे करणे हा उपचाराचा पराभव आहे. एखादीला आपल्या इच्छेने रंगमंचावर जावेसे वाटले तर तो तिचा अधिकार आहे, परंतु ती इच्छा तिची असली पाहिजे. त्याचप्रमाणे चार दिवसांची कार्यशाळा करून आलेल्या उत्साही मंडळींच्या हाती हे काम देणेही घातक आहे. अवजड दगड हलविताना खाली काय दडले आहे, हे ठाऊक असलेला माणूस जवळ लागतो. श्वास मोकळा होताच एखादीला दडपलेले सारे एकदम आठवू शकते. त्या वेळी तिला सावरणारी प्रशिक्षित व्यक्ती तेथे नसेल तर उपचारच दुसरा आघात ठरावयाचा.

चौथा आक्षेप अग्रक्रमाचा. खटले वर्षानुवर्षे पडून राहतात, साक्षीदार फुटतात, योजनेचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. अशा वेळी नृत्योपचाराची चैन कशासाठी? या युक्तिवादात वरवर तथ्य आहे. पण खटला दहा वर्षे चालतो, म्हणून त्या मुलीचे शरीरही दहा वर्षे थांबून राहते काय? ती रोज उठते, आंघोळ करते, बसमध्ये चढते, रात्री दिवा मालवते. न्याय उशिरा मिळणार असेल तर शुश्रूषेची निकड वाढते. शिवाय साक्षीच्या पिंजऱ्यात ताठ उभे राहून बोलण्याचे बळही अखेर याच शरीरातून यावयाचे आहे.

काय करता येईल

करावयाच्या गोष्टी अशक्यप्राय नाहीत. ‘मनोधैर्य’च्या समुपदेशनात आणि ‘सखी’ केंद्रांच्या कामात शरीराच्या वाटेने जाणाऱ्या उपचारांना जागा देता येईल. प्रत्येक जिल्ह्यात नृत्योपचारक नेमणे आज शक्य नसले, तरी विद्यापीठांच्या मानसशास्त्र व समाजकार्य विभागांनी मुंबईच्या अनुभवाचा उपयोग करून अभ्यासक्रम उभे केले, तर काही वर्षांत मनुष्यबळ तयार होईल. पात्रता कोणाची, देखरेख कोणाची, तक्रार कोणाकडे, हे नियम सुरुवातीलाच ठरले पाहिजेत. परिणामांचा अभ्यास मराठीत, आपल्या समाजात, आपल्या आश्रयगृहांत झाला पाहिजे. स्टॉकहोमचे आकडे आपल्याला दिशा दाखवतील. गडचिरोलीच्या मुलीला कोणता ठेका आपला वाटतो हे ते सांगणार नाहीत.

शाळांना तर सरकारी आदेशाची वाट पाहण्याचेही कारण नाही. वर्गात कोणाचे खांदे एकाएकी आत वळले, कोण कवायतीच्या तासाला वारंवार पोटदुखी सांगू लागला, कोणाला जवळून कोणी गेले तरी दचकायला होते, हे शिक्षकाइतके दुसऱ्या कोणाला दिसत नाही. अशा मुलाला ‘सरळ उभा राहा’ म्हणून दरडावणे सोपे असते. त्याऐवजी त्याच्याशी एकांतात, धीराने, उत्तराचा तगादा न लावता बोलता येते. संशयाला आधार असेल तर २०१२ च्या बालसंरक्षण कायद्यानुसार पोलिसांना कळविणे हे कर्तव्यच आहे आणि ते टाळणे हा गुन्हा आहे. पाठीवर थाप मारण्यापूर्वी क्षणभर थांबणे, मुलाला खेळातून बाहेर राहण्याची मुभा देणे, नको म्हणणाऱ्या मुलीला उद्धट न ठरविणे, यासाठी कोणत्याही पदविकेची गरज नाही.

कचेरीत बसणाऱ्यांचाही या कामात वाटा आहे. अर्जदार स्त्री टेबलापाशी उभी असते तेव्हा तिला खुर्ची देणे, तिचे नाव मोठ्याने न पुकारणे, झालेली हकिकत पुन्हा तोंडी न वदविता कागदावरून वाचून घेणे, या गोष्टी कोणत्याही शासननिर्णयात सापडणार नाहीत. पण तिचा श्वास मोकळा राहतो की आखडतो हे त्यांवर ठरते. विद्यार्थ्यांनीही लक्षात ठेवावे, की आपल्या एखाद्या मैत्रिणीने किंवा मित्राने मन मोकळे केलेच, तर ‘तू ओरडली का नाहीस’, ‘तू पळाला का नाहीस’ हा प्रश्न चुकूनही विचारावयाचा नाही. तो प्रश्न एकदा सर्वोच्च पीठावरून विचारला गेला आणि त्याचे उत्तर समजून घेण्यास देशाला किती वर्षे लागली, हे आपण पाहिलेच.

अत्याचारग्रस्त स्त्रीला आपण अबला म्हणून पाहिले, कलंकिता म्हणून पाहिले, अलीकडे रणरागिणी म्हणूनही पाहू लागलो आहोत. तिच्यावर कोणतीही प्रतिमा न लादता, तिला तिच्या गतीने चालू देणे आपल्याला अजून जमलेले नाही. शिक्षा झाली म्हणजे न्याय पुरा झाला, ही समजूत सोडली पाहिजे. गुन्हेगाराला तुरुंगात पाठविणे हा न्यायाचा एक भाग झाला. जिच्यावर गुन्हा घडला ती स्वतःच्या शरीरात पुन्हा निर्भयपणे राहू लागली, रस्त्याच्या मधून चालू लागली, ‘थांब’ म्हणू लागली आणि मनात आले तर एखाद्या संध्याकाळी आपल्या सख्यांबरोबर फुगडीही घालू लागली, म्हणजे उरलेला भाग पुरा होईल. तो पुरा करण्याची जबाबदारी न्यायालयाची नाही. ती सरकारची आहे, शाळा-रुग्णालयांची आहे आणि तुमची-आमची आहे.